पिवळा, हिरवा की निळा? रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या हायड्रोजन बंधांच्या रंगांचं परीक्षण

रेणूच्या चित्रात ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, हायड्रोजन पांढरा आणि कार्बन काळा किंवा करडा. ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन यांनी १८६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये क्रोकेचे रंगवलेले चेंडू जोडून रेणू दाखवले, तेव्हापासून ही रंगसंगती जवळपास तशीच चालत आली आहे. पुढे कोरी, पॉलिंग आणि कोल्टुन यांच्या आद्याक्षरांवरून ती 'सीपीके' म्हणून रूढ झाली. हायड्रोजन बंधाच्या, म्हणजे आपला हायड्रोजन पुढे करणारा 'दाता' अणू आणि त्याला ओढणारा 'ग्राही' अणू यांच्यातल्या दुर्बळ आकर्षणाच्या, वाट्याला मात्र असं काही आलं नाही. रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या आययूपॅकने २०११ मध्ये या बंधाची नवी व्याख्या प्रसिद्ध केली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले ई. अरुणन आणि गौतम देसिराजू त्या कामात पुढे होते. व्याख्येत बंध तीन टिंबांनी दाखवला आहे, दाता-हायड्रोजन-ग्राही हा कोन शक्यतो ११० अंशांहून मोठा असावा असंही म्हटलं आहे. रंगाबद्दल अक्षर नाही.

त्यामुळे ज्याने सॉफ्टवेअर लिहिलं त्याने आपल्याला सोयीचा रंग ठेवला. पायमॉलमध्ये पिवळा, डिस्कव्हरी स्टुडिओत हिरवा, मॉलस्टार आणि प्लिपमध्ये निळा, किमेरा-एक्समध्ये सायनकडे झुकलेला निळा. एकाच प्रथिनाच्या एकाच खोबणीची (लहान रेणू जिथे बसतो त्या जागेची) चित्रं दोन सॉफ्टवेअरमध्ये काढली, तर एकात हायड्रोजन बंध असलेला रंग दुसऱ्यात भलताच अर्थ सांगतो. इथे सॉफ्टवेअरची तुलना फक्त या एका अंगाने केली आहे: बंधाची रेषा दिसते का, दुसऱ्या कशात मिसळते का, रंगातून काही जास्तीची माहिती मिळते का, आणि मुळात ती रेषा कोणत्या अटीवर काढली जाते. शेवटचा मुद्दा रंगाचा नाही असं वाटेल, पण चुकीच्या ठिकाणी उमटलेली रेषा कितीही सुंदर रंगात असली तरी चुकीचीच. (सेटिंगची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत करावीत.)

आधी थोडं गणित. वेबवर मजकूर वाचता यावा म्हणून रंगांच्या उठावाचं जे गुणोत्तर वापरतात, तेच इथे लावता येतं. चित्रातल्या अर्थपूर्ण रेषांसाठी ते किमान ३ असावं असा संकेत आहे. शुद्ध पिवळ्याचं काळ्यावर १९.६ येतं, पांढऱ्यावर जेमतेम १.०७. शुद्ध सायनचं पांढऱ्यावर १.२५, शुद्ध हिरव्याचं १.३७. शुद्ध निळ्याचं पांढऱ्यावर ८.६, पण काळ्यावर २.४. म्हणजे पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर झगझगणारा पिवळा छापील कागदावर जवळपास नाहीसा होतो. बहुतेक डीफॉल्ट रंग काळ्या पडद्याला जमणारे आहेत आणि बहुतेक चित्रं पांढऱ्या पानावर छापली जातात. निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच आहे.

पायमॉल

सर्वांत जास्त वापरलं जाणारं, आणि या बाबतीत सर्वांत जास्त गैरसमज पसरवणारंही. ॲक्शन मेन्यूतल्या 'फाइंड' खाली 'पोलर कॉन्टॅक्ट्स' निवडलं की पिवळ्या तुटक रेषा येतात. मेन्यू त्यांना हायड्रोजन बंध म्हणत नाही, ध्रुवीय संपर्क म्हणतो, आणि ते योग्यच आहे. लोक मात्र मथळ्यात सरसकट हायड्रोजन बंध लिहून मोकळे होतात.

रेषा काढण्याची अट तीन आकड्यांवर चालते. भूमिती आदर्श असेल तर दाता आणि ग्राही अणूंमधलं अंतर ३.६ अँगस्ट्रॉमपर्यंत (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) चालतं, भूमिती काठावरची असेल तर ३.२ पर्यंत, आणि कोनाचं विचलन ६३ अंशांपर्यंत. हे आकडे 'एच_बॉण्ड_कटऑफ_सेंटर', 'एच_बॉण्ड_कटऑफ_एज' आणि 'एच_बॉण्ड_मॅक्स_अँगल' या सेटिंगमध्ये बदलता येतात. ६३ अंश ही बरीच सैल मर्यादा आहे. चित्रात फार रेषा आल्या तर रंगाशी खेळण्याआधी इथे हात घालावा.

दुसरी गफलत लेबलांची. रचनेत हायड्रोजन अणू असतील तर पायमॉल रेषा हायड्रोजनपासून ग्राहीपर्यंत ओढतं आणि लेबलावर १.९ च्या आसपासचा आकडा येतो. हायड्रोजन नसतील तर रेषा जड अणूपासून (म्हणजे हायड्रोजन सोडून इतर अणूपासून) जड अणूपर्यंत जाते आणि त्याच बंधाचं लेबल २.९ होतं. एका चित्रात डॉकिंग केलेला (संगणकाने खोबणीत बसवून पाहिलेला) लिगँड, म्हणजे प्रथिनाला चिकटणारा लहान रेणू, ध्रुवीय हायड्रोजनांसह आणि प्रथिन क्ष-किरण रचनेतून जसंच्या तसं उचललेलं असेल, तर एकाच रंगाच्या दोन रेषांवर दोन वेगवेगळ्या मापांची लेबलं बसतात. त्यांची तुलना करून 'हा बंध जास्त मजबूत' असं लिहिलेलं वारंवार आढळतं. 'एच_बॉण्ड_फ्रॉम_प्रोटॉन' बंद केलं की सगळ्या रेषा जड अणूंमध्ये येतात. किंवा दोन्हीकडे हायड्रोजन घालून घ्यावेत. अर्धं इकडे, अर्धं तिकडे ठेवू नये.

तिसरी गोष्ट पीडीबीक्यूटी फाइलची. डॉकिंगमधून आलेल्या या फाइलमध्ये बंधांचे क्रम नोंदलेले नसतात. दुहेरी बंधाचा कार्बोनिल की एकेरीचा हायड्रॉक्सिल हे सॉफ्टवेअरला अंदाजाने ठरवावं लागतं, आणि अंदाज चुकला की दाता-ग्राहीची अदलाबदल होते. लिगँड आधी बंधांचे क्रम नोंदणाऱ्या एसडीएफ किंवा मॉल२ स्वरूपात आणून मग रेषा काढाव्यात.

आता पिवळ्याबद्दल. गंधकसुद्धा पिवळसर आहे. सिस्टीन किंवा मेथिओनीनच्या शेजारून जाणारी पिवळी तुटक रेषा आणि पिवळसर काडी लहान आकारात एकमेकांत मिसळतात. त्यावर हिरवी रेषा हा उपाय नाही, कारण पायमॉल पहिल्या ऑब्जेक्टचे कार्बन डीफॉल्टने हिरवे रंगवतं. पांढऱ्या पार्श्वभूमीसाठी सरळ काळा किंवा गडद करडा रंग घ्यावा. 'डॅश_कलर' हे सेटिंग त्या एकाच ऑब्जेक्टवर लावलं की बाकीची अंतरं जशीच्या तशी राहतात. ऑब्जेक्टचं नाव न देता लावलं तर सगळ्या तुटक रेषा रंगतात आणि मग वेगवेगळ्या प्रकारच्या रेषांना 'कलर' आज्ञेने दिलेले रंग का दिसत नाहीत ते कळत नाही.

छपाईसाठीचे आकडे असे. नियतकालिकाच्या एका स्तंभाची रुंदी ८५ मिलिमीटर धरली आणि ३०० डीपीआय लागत असेल, तर चित्र १००४ पिक्सेल रुंद हवं. चौकटीत साधारण २० अँगस्ट्रॉमचा भाग मावत असेल तर एका अँगस्ट्रॉमला ५० पिक्सेल मिळतात. 'डॅश_रेडियस' ०.०६ ठेवला की रेषेची जाडी ६ पिक्सेल, म्हणजे कागदावर अर्धा मिलिमीटर होते. 'डॅश_लेंग्थ' आणि 'डॅश_गॅप' दोन्ही ०.२५ ठेवले तर तुकडे वेगळे दिसतात. मोठ्या आकारात काढलेलं चित्र नंतर वर्डमध्ये ओढून लहान केलं की फटी भरून जातात आणि तुटक रेषा सलग दिसू लागते, म्हणजे बघणाऱ्याला सहसंयुज बंध वाटतो. म्हणून आधी छपाईचा आकार ठरवावा, मग रे-ट्रेस करावं (प्रकाशछायेसह अंतिम चित्र काढावं). दूरचे भाग धुकट करणारं 'डेप्थ_क्यू' बंद करायला विसरू नये. पांढऱ्या पार्श्वभूमीवर धुकं म्हणजे पांढरेपणा, आणि मागच्या बाजूचे बंध त्यात पुसट होतात.

पायमॉलचा भाग इतका लांबला कारण इथे बदलण्यासारखं खूप आहे आणि ते सगळं बदलता येतं. डीफॉल्ट वाईट, नियंत्रण उत्तम.

किमेरा-एक्स

शैक्षणिक वापरासाठी मोफत असलेलं हे सॉफ्टवेअर या परीक्षणात सर्वांत पुढे आहे. कारण इथे रंगाला अर्थ देता येतो. बंध ठरवण्याचे निकष मिल्स आणि डीन यांनी १९९६ मध्ये लहान रेणूंच्या स्फटिकरचनांचा अभ्यास करून मांडलेल्या भूमितीवर आधारलेले आहेत. ते सर्व अणूंना एकच नसतात, दाता-ग्राहीच्या प्रकारानुसार बदलतात. प्रथिनांच्या रचना तेवढ्या अचूक नसतात म्हणून त्यावर ०.४ अँगस्ट्रॉम आणि २० अंशांची सूट डीफॉल्टने दिलेली आहे.

'टू-कलर्स' पर्याय चालू केला की काटेकोर निकषात बसणारे बंध एका रंगात येतात आणि फक्त सूट दिल्यामुळे बसलेले बंध गडद नारिंगीत. वाचकाला एका नजरेत कळतं की अमुक चार बंध भक्कम आहेत आणि हे दोन ओढूनताणून आणलेले. सायनछटेचा निळा आणि नारिंगी ही जोडी लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या वाचकालाही ओळखता येते. हे डीफॉल्टनेच चालू असायला हवं होतं. नाही, हीच तक्रार.

टूल्स मेन्यूत स्ट्रक्चर ॲनालिसिस खाली एच-बॉण्ड्सची खिडकी आहे, पण आज्ञा टाइप करणं जास्त सोपं. लिगँडपुरते बंध काढायचे असतील तर 'रिव्हील' पर्याय जोडावा, नाहीतर ज्या अमिनो आम्लांची काडी लपवलेली आहे त्यांच्याकडे जाणाऱ्या रेषा दिसतच नाहीत आणि बंध सापडलाच नाही असं वाटतं. आज्ञा दुसऱ्यांदा दिली की आधीच्या रेषा जातात. दोन संच एकत्र ठेवायचे तर 'रिटेन-करंट' किंवा वेगळं 'नेम' द्यावं. 'सेव्ह-फाइल' दिलं तर प्रत्येक बंधाचा दाता, ग्राही आणि अंतर असलेली यादी मिळते. पुरवणी तक्त्यासाठी हीच द्यावी.

उणीव एक आहे. किमेरा-एक्समध्ये तुटक रेषा हायड्रोजन बंधांपुरत्या नसतात. साखळीतला न दिसलेला तुकडा आणि धातूचा समन्वय हेही तुटक रेषांनीच दाखवले जातात, धातूचे जांभळट. रंग करडे करून छापले तर तिन्ही एकसारखे. झिंक असलेल्या प्रथिनात हायड्रोजन बंधांची रेषा जरा जाड ठेवावी आणि नको असलेला गट मॉडेलच्या यादीतून लपवावा. डीफॉल्ट रंगही पांढऱ्यावर फिकाच पडतो, तो गडद करून घ्यावा.

व्हीएमडी

रेणूंच्या हालचालींच्या (गतिकीच्या) सिम्युलेशनसाठी याला पर्याय शोधावा लागत नाही, पण हायड्रोजन बंध दाखवण्यात ते सर्वांत कडक आणि सर्वांत मुकं आहे. ग्राफिकल रिप्रेझेंटेशन्समध्ये 'एचबॉण्ड्स' निवडल्यावर अंतर ३.० अँगस्ट्रॉम आणि कोन २० अंश असे डीफॉल्ट येतात. कोन म्हणजे दाता-हायड्रोजन-ग्राही यांचं सरळ रेषेपासूनचं विचलन. पायमॉलचे ६३ आणि व्हीएमडीचे २० हे आकडे शेजारी ठेवले की एकाच रचनेत बंधांची संख्या इतकी का बदलते ते उघड होतं. पुष्कळ जण ३.५ आणि ३० वापरतात. काहीही वापरावं, पण आकडे लिहावेत.

रचनेत हायड्रोजन नसतील तर इथे काहीच दिसत नाही. चूक दाखवणारा संदेशही येत नाही, पडदा नुसता रिकामा. शिवाय दाता आणि ग्राही दोन्ही बाजू त्या एकाच निवडीत असाव्या लागतात. फक्त लिगँड निवडून एचबॉण्ड्स लावलं तर लिगँडचे स्वतःशीच असलेले बंध शोधले जातील.

रंगाचं म्हणाल तर व्हीएमडीला स्वतःचा असा आग्रह नाही. रेषा 'कलरिंग मेथड'वरून रंग घेते आणि तिथे 'नेम' राहिलं तर ती अणूंच्या रंगात हरवते. 'कलर-आयडी' निवडावं: १६ काळा, ३ नारिंगी, ० निळा, ४ पिवळा. जाडी डीफॉल्टने १ असते आणि टॅकियॉन या चित्र तयार करणाऱ्या प्रोग्रामने रेंडर केल्यावर ती केसासारखी बारीक होते. ती वाढवावीच लागते. एरवीही चित्रासाठी एक फ्रेम व्हीएमडीतून पीडीबी फाइल म्हणून बाहेर काढून किमेरा-एक्समध्ये रंगवणं जास्त सोयीचं.

मॉलस्टार आणि प्लिप

ही दोन वेगवेगळी साधनं आहेत, पण रंगांच्या बाबतीत एका घराण्यातली. पीडीबी या प्रथिनरचनांच्या जागतिक साठ्याच्या संकेतस्थळांवर रचना उघडली की मॉलस्टार समोर येतं. लिगँडवर क्लिक केलं की भोवतालचे अणू आणि तुटक रेषा उमटतात. हायड्रोजन बंध निळा, दुर्बळ हायड्रोजन बंध त्याचाच फिका अवतार, आयनिक आकर्षण पिवळं, धातू जांभळा, जलविरोधी करडा, पाय-स्टॅकिंग (सपाट वलयं एकमेकांवर रचलेली) हिरवट, कॅटायन-पाय (धनभार आणि वलय यांचं आकर्षण) नारिंगी. हायड्रोजन बंधाच्या निळ्याचं आरजीबी (लाल, हिरवा, निळा) मूल्य ४३, १३१, १८६. याचं उठावाचं गुणोत्तर काढलं तर पांढऱ्यावर सुमारे ४.१ आणि काळ्यावर सुमारे ५.१. दोन्ही पार्श्वभूमींवर ३ च्या वर राहणारा डीफॉल्ट, ही सोय पिवळ्यात नाही आणि हिरव्यातही नाही. या यादीतला सर्वांत विचारपूर्वक निवडलेला रंग म्हणून याला पूर्ण गुण. काही बसवायचं नाही, पैसे नाहीत, ब्राउझर पुरतो.

प्लिपही हायड्रोजन बंध निळा दाखवतं, पण सलग रेषेत. तुटक रेषा तिथे इतर संपर्कांसाठी राखलेल्या आहेत. पाण्याच्या रेणूमार्फत जुळलेला बंध फिक्या निळ्यात वेगळा येतो, हे फार उपयोगाचं. उदाहरण घ्यायचं तर एचआयव्ही प्रोटिएज आणि इंडिनाविरची १एचएसजी ही रचना. तिच्यात दोन्ही झडपांच्या आयसोल्युसीन ५० च्या कण्यातले (मुख्य साखळीतले) एनएच आणि औषधाचे कार्बोनिल यांना जोडणारा एक पाण्याचा रेणू आहे. पायमॉलमध्ये 'एक्सक्लुडिंग सॉल्व्हंट' निवडलं की हा दुवा चित्रातून साफ जातो, आणि डॉकिंगआधी सगळं पाणी पुसून टाकण्याची सवय असेल तर तो मुळात उरतच नाही. प्लिप त्याला नाव आणि रंग दोन्ही देतं.

प्लिपची मर्यादा मात्र सैल आहे: जड अणूंमधलं अंतर ४.१ अँगस्ट्रॉमपर्यंत, कोन किमान १०० अंश. त्यामुळे यादी लांब येते. ३.५ च्या पुढचे बंध हाताने तपासावेत.

आता खरी अडचण. प्लिप निकाल पायमॉलच्या सेशनमध्ये देतं, आणि त्यात पिवळी तुटक रेषा म्हणजे क्षारसेतू (विरुद्ध भारांमधलं आकर्षण). त्याच खिडकीत कोणी उत्साहाने 'पोलर कॉन्टॅक्ट्स' काढले की पायमॉलच्या पिवळ्या तुटक रेषा त्यात मिसळतात. आता पिवळ्याचे दोन अर्थ झाले आणि ते वेगळे करायला ऑब्जेक्टची नावं वाचण्यावाचून मार्ग नाही. प्लिपच्या सेशनमध्ये पायमॉलची स्वतःची शोधयंत्रणा वापरूच नये.

डिस्कव्हरी स्टुडिओ व्हिज्युअलायझर, लिगप्लॉट आणि मायेस्ट्रो

महाराष्ट्रातल्या फार्मसी महाविद्यालयांत डॉकिंगचा प्रबंध उघडला की डिस्कव्हरी स्टुडिओची ती गोल बिल्ल्यांची द्विमितीय आकृती ओळखीची वाटते. व्हिज्युअलायझर मोफत मिळतं, आकृती एका क्लिकवर निघते, आणि प्रकार ओळखून रंग आपोआप बसतो. नेहमीचा हायड्रोजन बंध हिरवा, कार्बन-हायड्रोजन बंध (कार्बनवरच्या हायड्रोजनाने केलेला दुर्बळ बंध) त्याच हिरव्याची फिकी छटा, पाय-अल्काइल गुलाबी, पाय-सिग्मा जांभळा, विद्युतभारांचं आकर्षण नारिंगी, प्रतिकूल संपर्क लाल.

रंगसूची समृद्ध आहे, निवड मात्र दोन ठिकाणी घातक. पहिलं म्हणजे हिरवा आणि फिका हिरवा. कृष्णधवल झेरॉक्समध्ये सोडाच, साध्या रंगीत प्रिंटमध्येही हा फरक टिकत नाही. परिणामी कार्बनच्या हायड्रोजनाने केलेले दुर्बळ बंधही नेहमीच्या बंधांत मोजले जातात आणि तीनाचे सहा होतात. दुसरं, हिरवा अनुकूल आणि लाल प्रतिकूल. लाल-हिरवा फरक न ओळखणाऱ्या वाचकासाठी दोन दाते समोरासमोर आल्याची लाल धोक्याची रेषा आणि हायड्रोजन बंधाची हिरवी रेषा जवळपास सारखीच. सगळ्यात महत्त्वाचा भेद सगळ्यात धोक्याच्या रंगजोडीवर टाकलेला आहे. मार्गदर्शकांनी तरी लाल रेषा असलेली आकृती 'उत्तम बंधन' या मथळ्याखाली जाऊ देऊ नये, ती जाते.

लिगप्लॉटही हिरवा आणि लालच वापरतं, पण तिथे हे संकट नाही. हायड्रोजन बंध हिरवी तुटक रेषा असते आणि तिच्यावर अंतर छापलेलं असतं. जलविरोधी संपर्क म्हणजे लाल कंस, त्यातून पापण्यांसारख्या रेघा बाहेर आलेल्या. रंग काढून टाकला तरी आकारावरून ओळख पटते. वॉलेस, लास्कोव्स्की आणि थॉर्नटन यांनी १९९५ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही झेरॉक्सला टिकते. सध्याच्या लिगप्लॉट-प्लसमध्ये डीफॉल्ट मर्यादा हायड्रोजन-ग्राही २.७ आणि दाता-ग्राही ३.३५ अँगस्ट्रॉम आहे, म्हणजे प्लिपपेक्षा बरीच घट्ट. दोन्हींच्या याद्या जुळत नाहीत म्हणून घाबरू नये, जुळल्या तरच आश्चर्य.

मायेस्ट्रोमध्ये त्रिमितीत बंध पिवळा तुटक आणि द्विमितीय आकृतीत जांभळा बाण. एकाच सॉफ्टवेअरमध्ये, एकाच बंधाला दोन रंग. शेजारीशेजारी दोन्ही चित्रं छापायची असतील तर त्रिमितीतला रंग बदलून जांभळा करावा. बाणाची कल्पना मात्र फार चांगली: टोक ग्राहीकडे असतं, त्यामुळे दाता कोण ते विचारावं लागत नाही. रंगाला हे कधीच सांगता येत नाही.

रासमॉल आणि जेमॉल

जुनं म्हणून हसू नये. रॉजर सेल यांनी १९९३ मध्ये बाहेर आणलेल्या रासमॉलमध्ये हायड्रोजन बंध 'टाइप'नुसार रंगवण्याची सोय होती आणि तिच्याइतका अर्थपूर्ण रंगसंकेत नंतरच्या चकचकीत सॉफ्टवेअरमध्ये सहजी मिळत नाही. कण्यातल्या बंधाचे दाता आणि ग्राही साखळीत किती घरं दूर आहेत यावरून रंग ठरतो. अधिक ४ असेल तर लाल, अधिक ३ किरमिजी, अधिक ५ नारिंगी, अधिक २ पांढरा, उणे ३ सायन, उणे ४ हिरवा, बाकी सगळे पिवळे. अल्फा हेलिक्स अख्खी लाल दिसते आणि तिच्या टोकाला ती घट्ट होऊन ३-१० वळण घेत असेल तर तिथले बंध किरमिजी होतात. बीटा शीट बहुतांशी पिवळी. फीत किंवा बाण न काढता, नुसत्या बंधांवरून प्रथिनाची दुय्यम रचना वाचता येते. वर्गात शिकवायला याच्यासारखं साधन नाही. जेमॉलमध्ये आधी बंध मोजायला सांगून मग 'कलर एचबॉण्ड्स टाइप' द्यावं. तसं न केल्यास बंध अणूंचे रंग उचलतो, अर्धा निळा आणि अर्धा लाल.

रासमॉलमध्ये अट भूमितीची नसून ऊर्जेची आहे: काब्श आणि सँडर यांच्या १९८३ च्या सूत्राने उणे ०.५ किलोकॅलरी प्रति मोल किंवा त्याहून खाली. हे सूत्र कण्याच्या बंधांसाठी आहे, म्हणून लिगँडचे बंध इथे शोधू नयेत. 'सेट एचबॉण्ड्स बॅकबोन' चालू असेल तर रेषा अल्फा कार्बनांमध्ये काढली जाते, म्हणजे ती जिथे दिसते तिथे बंध नसतोच. चित्राखाली तसं लिहावं.

मॉलप्रोबिटी हा वेगळाच प्राणी. तिथे रेषा नाही, फिक्या हिरव्या ठिपक्यांची गादी असते, आणि अणू एकमेकांत घुसले असतील तिथे भडक गुलाबी काटे. बंध दाखवण्यापेक्षा रचना तपासण्यासाठी वापरावं. लहान रेणूंच्या स्फटिकांसाठी मर्क्युरीत लाल रेषा म्हणजे पलीकडचा रेणू अजून काढलेला नाही असा लोंबता संपर्क. त्यावर क्लिक केलं की शेजारी येतो आणि रेषा सायन होते. इथे लाल म्हणजे धोका नव्हे, 'पुढे अजून आहे' एवढंच. डिस्कव्हरी स्टुडिओतून आलेल्याने हे आधी समजून घ्यावं.

कोणता रंग घ्यावा

चित्रात फक्त हायड्रोजन बंध असतील आणि पार्श्वभूमी पांढरी असेल तर काळा किंवा गडद करडा. वाद संपला. तीन-चार प्रकारचे संपर्क असतील तर प्लिप आणि मॉलस्टारच्या घराण्याला धरून निळा घ्यावा. रंगांधळेपणा लक्षात घेऊन केलेल्या ओकाबे-इतो रंगसंचातला निळा, आरजीबी ०, ११४, १७८, पांढऱ्यावर ५.२ गुणोत्तर देतो. क्षारसेतूला त्याच संचातला नारिंगी, २३०, १५९, ०. हा पांढऱ्यावर थोडा फिका आहे, म्हणून त्याची रेषा जाड ठेवावी. निळ्यावरचा एक आक्षेप रास्त आहे: नायट्रोजनही निळाच. त्यावर उपाय म्हणजे रेषेचे तुकडे आखूड ठेवणं आणि अणूंच्या काड्या रेषेच्या किमान दुप्पट जाड ठेवणं. ०.०६ त्रिज्येच्या रेषेबरोबर ०.१५ त्रिज्येच्या काड्या नीट बसतात.

मथळ्यात चार गोष्टी हव्यात: सॉफ्टवेअर आणि आवृत्ती, अंतराची व कोनाची मर्यादा, लेबल हायड्रोजनपासूनचं की जड अणूंमधलं, आणि कोणता रंग कशाचा. 'हिरव्या रेषा हायड्रोजन बंध दर्शवतात' हे एक वाक्य पुरेसं नाही, कारण किती हिरवा ते कोणी सांगत नाही.

नवीन सॉफ्टवेअर हातात घेतलं की १बीएनए ही डीएनएची रचना उघडावी. क्रम सीजीसीजीएएटीटीसीजीसीजी, एकूण १२ जोड्या: ८ जीसी आणि ४ एटी. वॉटसन-क्रिक बंध व्हायला हवेत ८ गुणिले ३ अधिक ४ गुणिले २, म्हणजे ३२. निवड ए आणि बी साखळ्यांमधल्या बेसपुरती ठेवावी, पाणी वगळावं. व्हीएमडीत ही फाइल जशीच्या तशी उघडली तर शून्य येईल, कारण क्ष-किरण रचनेत हायड्रोजनच नाहीत. ते घातल्यावरही ३.० आणि २० च्या मर्यादेत बरेच बंध गळतात, कारण जोड्यांमधली अंतरं नेमकी तीनाच्या आसपास आहेत. सैल मर्यादेच्या सॉफ्टवेअरमध्ये ३२ च्या वर काही रेषा आल्या तर त्या मधल्या एएटीटी भागात शोधाव्यात. तिथे बेस पंख्याच्या पात्यांसारखे पिळलेले असल्याने एक दाता शेजारच्या जोडीतल्या ग्राहीकडेही झुकतो. किमेरा-एक्समध्ये दोन रंगांचा पर्याय चालू ठेवून हीच रचना पाहावी आणि यातल्या किती रेषा नारिंगी होतात ते मोजावं.